वाचकांचे प्रश्न : तरंगता बर्फ तुटला तर बिघडते काय?

प्रश्न : ग्लासातला बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी तेवढीच राहते, हा प्रयोग आम्ही शाळेत करून दाखवतो. मग अंटार्क्टिकाभोवतीच्या तरंगत्याच बर्फाची एवढी काळजी कशाला?

तुमचा प्रयोग बरोबर आहे. (ग्लासात खारे पाणी घेतलेत तर पातळी किंचित वाढेल. बर्फ गोड्या पाण्याचा असतो आणि ते पाणी हलके, म्हणून वितळलेल्या पाण्याच्या आकारमानाच्या साधारण अडीच टक्के एवढी भर पडते.) आइस शेल्फ, म्हणजे हिमचादरीचा समुद्रावर तरंगणारा भाग, तुटला म्हणून समुद्र जवळपास चढत नाही. तो चढतो मागचा, जमिनीवर टेकलेला बर्फ पाण्यात उतरला की. शेल्फचे काम त्या बर्फाला अटकाव करण्याचे.

हा अटकाव घर्षणातून येतो. शेल्फ बहुधा एखाद्या आखातात अडकलेला असतो. त्याच्या दोन्ही कडा खडकाला किंवा संथ बर्फाला घासतात, आणि मधे कुठे समुद्रतळाचा उंचवटा वर आलेला असेल तर तळही त्यावर टेकतो. या अडथळ्यांचा उलटा रेटा मागे ग्राउंडिंग लाइनपर्यंत पोचतो. बर्फ तळ सोडून तरंगायला लागतो, ती ही रेषा. कडा मोकळ्या आणि खाली उंचवटाही नाही, असा शेल्फ कितीही अवाढव्य असला तरी मागच्या बर्फाला अडवत नाही.

याचा पडताळा २००२ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या लार्सन बी शेल्फने दिला. उन्हाळ्यात पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली. पाणी बर्फापेक्षा जड, त्यामुळे भेगेत भरलेले पाणी पाचर ठोकल्यासारखे ती खोल चिरत गेले, आणि सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फाचा जेमतेम पाच आठवड्यांत चुरा झाला. हेक्टोरिया, ग्रीन, इव्हान्स या मागच्या हिमनद्यांचा वेग पुढच्या वर्षभरात कित्येक पटींनी वाढला. शेजारच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांपुढे मात्र शेल्फचा एक तुकडा शिल्लक होता. त्या तेव्हा फारशा वेगावल्या नाहीत. हवा तीच, समुद्र तोच, फरक फक्त टेक्याचा. इतका स्वच्छ प्रयोग निसर्ग क्वचितच मांडतो.

प्रश्न : पश्चिम अंटार्क्टिकाबद्दल ‘एकदा सुरू झाले की थांबणार नाही’ असे का म्हणतात?

कारण तिथली हिमचादर समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या तळावर बसली आहे, आणि हा तळ पुष्कळ ठिकाणी किनाऱ्याकडून आत जाताना आणखी खोल होतो. बशीच्या काठावरून मधल्या खोलगट भागाकडे उतरावे तसा. अशा चादरीला सागरी हिमचादर म्हणतात.

आता थोडे गणित. बर्फाची घनता ९१७ आणि समुद्राच्या पाण्याची १,०२८ किलो प्रति घनमीटर धरा. पाणी ६०० मीटर खोल असेल तिथे ६७३ मीटरपेक्षा जाड बर्फ तळाला टेकून राहतो, त्याहून पातळ झाला की तरंगतो. म्हणजे ७०० मीटर जाडीचा बर्फ केवळ २७ मीटरने झिजला तरी तळ सोडतो, आणि ग्राउंडिंग लाइन मागे सरकते. मागे तळ जास्त खोल, म्हणून रेषेपाशी बर्फही जास्त जाड. शेल्फचा टेका नसेल तर या रेषेवरून बाहेर पडणारा बर्फ जाडीच्या साधारण पावणेपाचव्या घाताने वाढतो, असे हिमनद्यांचे अभ्यासक क्रिस्तियान शूफ यांनी २००७ साली गणिताने दाखवले. जाडी ६०० ऐवजी ८०० मीटर झाली तर ओघ जवळजवळ चौपट! वरून पडणारा हिम तेवढाच राहतो. खर्च वाढला, जमा तीच. बर्फ आणखी पातळ होतो आणि रेषा आणखी मागे जाते.

‘थांबणारच नाही’ हे मात्र अर्धवट विधान आहे. हे गणित टेका नसलेल्या बर्फाचे. टेका भक्कम असेल तर उलट्या, म्हणजे आत खोल होत जाणाऱ्या उतारावरही रेषा स्थिर राहू शकते. म्हणून शेल्फ जाणे ही इथे कळीची गोष्ट. आमुंडसेन समुद्रात ती तळाकडून घडते आहे. तिथे खोलवरून साधारण १ अंश सेल्सिअसचे पाणी शेल्फखाली शिरते. ऐकायला ते थंडगार, पण दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू दर किलोमीटर खोलीला सुमारे पाऊण अंशाने उतरतो. किलोमीटरभर खोल, खाऱ्या पाण्यात तो उणे अडीच अंशांच्याही खाली असतो. साडेतीन अंशांचा फरक बर्फ पोखरायला पुष्कळ झाला. तिथल्याच पाइन आयलंड हिमनदीची ग्राउंडिंग लाइन १९९२ ते २०११ या काळात मध्यभागी सुमारे ३१ किलोमीटर मागे गेली.

प्रश्न : २०१७ मध्ये लार्सन सी पासून बृहन्मुंबईच्या नऊपट मोठा हिमनग सुटला. त्यानंतर हिमनद्या का धावल्या नाहीत?

तो बर्फ बिनकामाचा होता म्हणून. शेल्फच्या समुद्राकडच्या कडेचा काही भाग कशालाच घासत नाही. तो सुटला तरी मागे कळतही नाही. क्षेत्रफळाच्या आकड्यांवर बातम्या रंगतात, पण किती तुटले याहून कुठून तुटले हे महत्त्वाचे. पाइन आयलंडच्या शेल्फचा सुमारे पाचवा हिस्सा २०१७ ते २०२० मध्ये गेला. तो लार्सन सीच्या तुकड्यापेक्षा कितीतरी लहान, तरी प्रवाहाचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला, कारण गेलेला बर्फ कडांना धरून होता.

प्रश्न : शेकडो मीटर बर्फाखालची ही रेषा सापडते कशी?

भरती-ओहोटीवरून. तरंगता बर्फ भरतीबरोबर वर येतो, टेकलेला जागचा हलत नाही. उपग्रहाच्या रडारने वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमा एकमेकींशी ताडल्या की मधला वाकणारा पट्टा दिसतो. एक अडचण मात्र आहे : रेषा स्वतःही भरतीबरोबर पुढे-मागे होते. म्हणून प्रतिमांच्या एकाच जोडीवरून ‘रेषा सरकली’ असे म्हणू नये. भरतीच्या निरनिराळ्या अवस्थांतल्या जोड्या हव्यात.

प्रश्न : आपले ‘मैत्री’ केंद्र शेल्फवरच आहे ना? आणि तिकडच्या बर्फाने कोकण किनाऱ्याला काय होणार?

मैत्री खडकावर आहे, शिरमाखर ओअॅसिसमध्ये. शेल्फवर होते ते १९८३-८४ मधले आपले पहिले केंद्र, ‘दक्षिण गंगोत्री’. ते हिमात गाडले गेले.

कोकणचे म्हणाल तर पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स या एकाच हिमनदीत जगभरचा समुद्र सरासरी ६५ सेंटिमीटर चढवण्याइतका बर्फ आहे. तो सगळा जायला शतके लागतील. पण सरासरी फसवी असते. हिमचादरीचे वस्तुमान आपल्याकडे समुद्राचे पाणी ओढून धरते. तिथला बर्फ घटला की ही ओढ सैल पडते. अंटार्क्टिकाजवळ पातळी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर ती सरासरीपेक्षा जास्त चढते. मुंबई, रत्नागिरी, पणजी या दूरच्या किनाऱ्यांत मोडतात.