'थ्री-बॉडी' मालिकेचा शेवट वाचून इतकं सुन्न का व्हायला होतं?

लिऊ त्सिशिन यांच्या या विज्ञानकादंबऱ्यांच्या त्रयीतलं तिसरं पुस्तक (मूळ चिनी, २०१०) संपलं तेव्हा मीही दोन दिवस गप्पच होतो. (पुढे शेवट फोडलाय, सांभाळून वाचा.) परग्रहवासीयांच्या हल्ल्यात आख्खी सूर्यमाला चित्रासारखी सपाट होते, तिथे रडू नाही येत, एवढ्या मोठ्या मरणाला मन पुरतच नाही. मला लागलं ते प्लूटोवरचं संग्रहालय. कथेतलं एक मुख्य पात्र, आता म्हातारा झालेला लुओ जी, तिथला राखणदार. माणसाची खूण कोट्यवधी वर्षं टिकवायची तर उपाय काय, तर दगडावर अक्षरं कोरा! एवढं विज्ञान, आणि शेवटी शिलालेखच. मग अगदी शेवटी एका छोट्या कृत्रिम विश्वात मागे उरतो पाच किलोंचा एक गोल, त्यात पाणी आणि इवलासा मासा. त्या माशापाशी मात्र माझा बांध फुटला.