पावसाळी दिवसासाठी जुने सिनेमे: कधी काय लावावं

शाळेला सुट्टी, लोकल बंद, घरात तुम्ही, सासूबाई आणि नववीतली मुलगी. तिघींना एकत्र बघता येतील असे जुने सिनेमे तुम्ही विचारलेत. नावं सांगतोच, पण ती पावसाचा जोर बघून लावा.

कृष्णधवल सिनेमाला मुंबईत पावसाळ्यासारखे दिवस नाहीत. मे महिन्यात पडदे ओढले तरी टीव्हीवर उजेड पडतो आणि अंधारातले प्रसंग नुसते काळे दिसतात. आभाळ भरून आलं की खोली आपोआप अंधारते, मग करड्या रंगाच्या छटा डोळ्यांना दिसू लागतात. अडचण होते ती आवाजाची. खिडकीच्या पत्र्यावर सर कोसळायला लागली की संवाद ऐकूच येत नाहीत, त्यात जुन्या सिनेमांचा आवाज मुळातच बारीक.

म्हणून धो धो कोसळत असताना 'संत तुकाराम' (१९३६) लावा. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. अभंग सासूबाईंना पाठ असतील, त्यामुळे चार ओळी पावसात गेल्या तरी बिघडत नाही. 'आधी बीज एकले' लागलं की मुलीला जरूर सांगा, हा तुकोबांचा अभंग नव्हे, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे. विष्णुपंत पागनीस तुकाराम म्हणून थोर आहेतच, पण मला तो सिनेमा आवलीचा वाटतो. पोरगं आजारी पडल्यावर ती तरातरा देवळात जाते आणि विठ्ठलावर वहाण उगारते. आवली झालेल्या गौरीबाईंच्या त्या रागात अभिनय दिसतच नाही, घर चालवून थकलेली बाई दिसते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली हा सिनेमा गौरवला गेला, आणि आजही त्यातलं काही जुनं झालेलं नाही.

पाऊस दिवसभर हटणार नसेल तर कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४). जपानी असल्यामुळे खालच्या ओळी वाचायच्याच आहेत, पावसाच्या आवाजाने फरक पडत नाही. लांबी २०७ मिनिटं, तेव्हा मध्ये जेवण उरका. शेवटची लढाई चिखलात आणि मुसळधार पावसात आहे. मुलीला कंटाळा येईल म्हणून टाळू नका; गावकरी एकेक लढवय्या शोधतात तिथपासूनच ती खिळून बसेल.

रिपरिप असेल तेव्हा राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०). चाळीतली अपुरी जागा, भरलेलं घर आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायलाही कोपरा नाही. 'प्रथम तुज पाहता' आणि 'का रे दुरावा' यातलीच. बासू चटर्जींनी पुढे यावरूनच हिंदीत 'पिया का घर' (१९७२) केला. त्यांच्याच 'मंज़िल'मधलं (१९७९) 'रिमझिम गिरे सावन', लताबाईंच्या आवाजातलं, मुलीला वेगळं दाखवा. ते मुंबईच्या खऱ्या पावसात चित्रित झालंय. मध्ये थांबवून ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह ओळखायला सांगा.

रात्री पाऊस थांबला, घर शांत झालं, की संवादांचे सिनेमे. 'सामना'मध्ये (१९७४) निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर आहेत, तेंडुलकरांचं एक वाक्यही चुकवू नये असं आहे. किंवा सिडनी लुमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७): जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत, उकाड्याने हैराण बारा माणसं, आणि मध्यावर पाऊस कोसळतो. कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला तो डोळ्यांच्या वरून बघतो, हळूहळू खाली येतो, शेवटी छतही दिसायला लागतं आणि खोली आवळत गेल्यासारखी वाटते.

'पाथेर पांचाली' (१९५५) मात्र आज नको. माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत मोठा सिनेमा तोच, पण दुर्गा पावसात भिजते त्यानंतर जे होतं, ते घरात हसतंखेळतं वातावरण असताना बघू नये. तो एखाद्या दिवशी एकट्याने बघा.

जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौरस असते. टीव्हीवर ती ताणून पूर्ण पडदाभर करू नका, चेहरे फुगतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. मागाहून रंगवलेली प्रत असेल तर ती सोडून मूळ शोधा. आणि इंटरनेट जायच्या आत, आज रात्रीच, दोन सिनेमे डाउनलोड करून ठेवा. त्यातला एक 'संत तुकाराम' असू द्या.