मी टेक्सटाइल आर्ट शिकते. प्रदर्शनं खूप बघते, पण माझ्या कामात काहीच उतरत नाही. कलाकारांकडून प्रेरणा घ्यायची तरी कशी?

तुम्ही लिहिलंय की दर प्रदर्शनातून शे-दीडशे फोटो आणता, कलाकारांची नावं वहीत उतरवता, आणि मागावर बसलात की हात चालत नाही. वाचून राहवलं नाही. तिसऱ्या वर्षाला माझं अगदी हेच झालं होतं.

आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. काका चित्रकला शिक्षक. त्यांचं एक ठाम मत होतं, आजही आहे: कल्पना चित्रकाराची, कापडवाल्याने ती धाग्यात उतरवायची. मला प्रोजेक्टसाठी विषय सुचेना तेव्हा ते मला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये घेऊन गेले. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक चित्रं करून घेतली होती, त्यातली तिथे आहेत. एका चित्रापुढे थांबून म्हणाले, "हा जरीकाठ बघ. हा विणून दाखव, मग मानू." कुठलं चित्र ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्हीही जाऊन त्याच्याच पुढे उभ्या राहाल.

तीन आठवडे मी ग्राफ पेपरवर तो काठ उतरवला. चौकोन न् चौकोन रंगवला. काठ जिथे निरीत दुमडतो तिथे चित्रात पिवळ्यावर पांढुरके ठिपके आहेत, तेही मी बुट्टी समजून ग्राफमध्ये घेतले. माग लावला, जरीचा जादा बाणा (आडवा धागा) घातला, वीतभर पट्टी विणून झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. वळणदार वेलीच्या पायऱ्या झाल्या होत्या. आणि ते ठिपके? ती बुट्टी नव्हतीच, जरीवर पडलेला उजेड होता. रविवर्म्याने उजेड रंगवला कारण त्याच्याकडे जर नव्हती, रंग होता. माझ्या धोट्यात खरी जर होती, ती खिडकीतल्या उन्हात आपोआप चमकत होती, आणि मी तिच्यावर चमकण्याचं चित्र काढत बसले होते.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडतात तिथे (कॉलेजचं नाव राहू दे), एका बाईंनी पट्टी हातात घेतली आणि काही न बोलता उलटी केली. मागे अर्ध्या बोटाएवढे मोकळे धागे लोंबत होते. त्यातला एक त्यांच्या अंगठीच्या कोंदणात अडकला, सर्रकन ओढला गेला आणि पुढची अख्खी वेल गोळा झाली. "हे चित्र आहे, कापड नाही," एवढंच म्हणाल्या. मी बाहेर जिन्यात बसून रडले.

घरी आजीने काही विचारलं नाही. तिचं माहेर इंदूरचं. तिने ट्रंकेतून तिची जुनी महेश्वरी साडी काढली आणि म्हणाली, "ही बघ." मी सवयीने काठ उलटून बघायला गेले तर म्हणाली, "अगं, हिला उलट नाहीच. आम्ही दोन्हीकडून नेसायचो." खरंच, काठ दोन्ही बाजूंनी तोच. त्याला बुगडी म्हणतात हे मला नंतर कळलं. तो काठ मी भिंगाखाली धरला, सुईच्या टोकाने धागे मोजले, आणि रात्री दोनला झोपले. चार वर्षांच्या कोर्सात मी तेवढं कधी शिकले नाही.

पुढे या साड्या जिथे विणतात त्या महेश्वरला गेले. तिथले विणकर काठांची नावं सांगतात: चटाई, ईंट (म्हणजे वीट), हिरा. किल्ल्याच्या भिंतींवरून, घाटावरून घेतलेली. नर्मदेच्या घाटावर बसून मी भिंत आणि काठ शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ज्याने कोणी पहिल्यांदा तो ईंटेचा काठ विणला त्याने दगडाचा पोत सोडला, सावली सोडली, रंग सोडला. फक्त सांध्यांच्या रेघा घेतल्या, खालच्या चिऱ्याच्या मध्यावर वरच्या दोन चिऱ्यांचा सांधा. धाग्याला जेवढं पेलतं तेवढंच घेतलं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. प्रदर्शनात समोरच्या वस्तूतलं काय सोडायचं ते ठरवा. फोटोत सगळंच येतं, म्हणून फोटोतून काही मिळत नाही.

आता काकांच्या मुद्द्यावर येते, कारण गणपतीत जेवायला बसलं की तो अजून निघतो. कल्पना चित्रकाराची म्हणे! शिल्पकार मृणालिनी मुखर्जी आपल्या बडोद्यातच पेंटिंग शिकल्या, मग चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे म्युरल, म्हणजे भित्तिचित्रं. आणि हातात घेतला सुतळीच्या जातीचा जाडा दोर. माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही, गाठीवर गाठ मारत माणसापेक्षा उंच आकृत्या उभ्या केल्या. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्या आकृत्यांची कल्पना गाठीतूनच आली, दुसरीकडून कुठून? स्वतः सुब्रमण्यन 1959 ते 1961 हातमाग मंडळात डिझाइनचं काम बघत होते. चित्रकार नसरीन मोहम्मदी 1972 पासून 1990 पर्यंत इथे बडोद्यात शिकवत होत्या. त्यांच्या शाईच्या रेघा सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांनी काढलेल्या फोटोंत मागावर ताणलेले धागेही आहेत. ते धागे पाहिले की त्या रेघा वेगळ्या दिसायला लागतात. तेव्हा काका, चित्रकारांनीही कापडाकडून भरपूर घेतलंय. मान्य करायला हरकत नसावी.

मृणालिनीताईंचं काम आवडत असेल तर त्यांच्या आकृतीची नक्कल करू नका. वाण्याकडून सुतळीचा गुंडा आणा, एकच गाठ शंभर वेळा मारा, आणि ती पट्टी आपसूक कुठे वळते ते बघा. ते वळण तुमचं.

आणि अहमदाबादचं कॅलिको हे कापडांचं म्युझियम आधी बुकिंग करून बघाच. तिथे फोटो काढू देत नाहीत, तुमच्यासाठी तेच बरं. पन्नास वस्तू बघण्यापेक्षा एकीसमोर जितका वेळ मिळेल तितका उभं राहा. काचेमागची वस्तू उलटता येत नाही, म्हणून तिची मागची बाजू कशी असेल ते वहीत काढायचा प्रयत्न करा. चुकेल. चुकू दे.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी विणकामवाली म्हणून लिहिलंय. तुम्ही प्रिंट किंवा भरतकाम करत असाल तर वळणदार वेल तुम्हाला बिनधास्त घेता येईल, तिथे चित्रांचा उपयोग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. रविवर्म्याची चित्रंही जरूर बघा, चूक त्याची नव्हती. नोंदीपुरते फोटो काढायलाही हरकत नाही, पण हाताने काढून झाल्यावर. महेश्वरला जमलं तर थंडीत जा, किल्ल्यात रेवा सोसायटी या विणकर संस्थेचे माग 1979 पासून चालू आहेत. सोबत भिंग न्या. दहा पटीचं पुरतं.