‘फ्रेशर, नोकरीच्या शोधात’ ही ओळ आधी बदल

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि लिंक्डइन प्रोफाइलची लिंक मिळाली. दिसेल त्या जाहिरातीवर ‘ईझी अप्लाय’ दाबूनही कोणाचे उत्तर येत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. पण ते बटण इतरांनाही तितक्याच सहजपणे दाबता येते, त्यामुळे अर्जांच्या त्या ढिगातून तुझाच अर्ज कोणी का उघडावा, याचे कारण प्रोफाइलमध्ये दिसले पाहिजे.

तुझ्या नावाखाली ‘फ्रेशर, नोकरीच्या शोधात’ एवढेच लिहिलेले आहे. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी माणसे शोधणारा एचआर ‘सॉलिडवर्क्स’, ‘फिक्श्चर डिझाइन’, ‘सीएनसी प्रोग्रॅमिंग’ अशी सॉफ्टवेअरची आणि कामांची नावे टाकून शोध घेतो. त्या ओळीत 220 अक्षरे मावतात, तेव्हा शाखा, खरोखर येणारी दोन-तीन कौशल्ये आणि कोणत्या भागात काम करण्याची तयारी आहे, हे तिथे इंग्रजीत लिही. नौकरी डॉट कॉमवर उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता, यावरूनही यादी गाळता येते. म्हणून तिथले प्रोफाइल दर आठवड्याला उघडून अद्ययावत करत जा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तू एका ओळीत बोळवण केली आहेस, याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण तुझ्याजवळ दाखवण्यासारखे तेवढेच आहे आणि ते चांगले आहे. ड्रिलिंगचे ते फिक्श्चर, म्हणजे जॉब (ज्यावर काम करायचे तो भाग) घट्ट धरून ठेवणारे साधन, कशासाठी बनवले, जॉब कुठे हलत होता, त्याची जागा ठरवणाऱ्या लोकेटरची जागा का बदलावी लागली आणि त्यानंतर मापे टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत, कशी आली, हे दीडशे शब्दांत आणि दोन छायाचित्रांसह लिही. मग ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’ ही विशेषणे काढून टाकलीस तरी काही बिघडणार नाही. मात्र प्रकल्प कंपनीत केलेला असल्यामुळे तिचे ड्रॉइंग लेखी परवानगीशिवाय टाकू नकोस.

आता माणसांविषयी. लिंक्डइनवर तुझ्या महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग आहे आणि तिथे शहर व कंपनी निवडून नावे पाहता येतात. त्यांना ‘सर, काही ओपनिंग असेल तर कळवा’ असे लिहू नकोस, कारण त्याला देण्यासारखे उत्तर बहुतेकांकडे नसते. ‘तुमच्या टूल रूममध्ये नव्या मुलांना सुरुवातीला कोणते काम देतात?’ असे विचारलेस, तर चार ओळींचे उत्तर येण्याचा संभव बराच असतो. ओळख थोडी मुरली की रेफरलविषयी, म्हणजे कंपनीत तुझे नाव सुचवण्याविषयी, विचारण्यास संकोच करू नकोस. अनेक कंपन्या रेफर केलेला उमेदवार रुजू झाल्यावर कर्मचाऱ्याला बक्षीस देतात, त्यामुळे त्यातून त्याचाही फायदा होतो.

फोटोभोवतीची ‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट तू खुशाल लाव. इन्स्टाग्रामची चिंता करू नकोस, फक्त प्राध्यापकांची टिंगल केलेल्या पोस्ट काढून टाक.

प्रोफाइल खुले झाले की भामटेही संपर्क साधतील. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणारा, टेलिग्रामवरच मुलाखत उरकणारा माणूस कितीही मोठ्या कंपनीचे नाव सांगो, त्याला उत्तर देऊ नकोस, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. बायोडेटावरचे आधार व पॅन क्रमांक आजच काढ.

प्रकल्पाचा मजकूर टाकण्यापूर्वी मला पाठव. मापे आणि छायाचित्रे मी नजरेखालून घालीन.

तुझा हितचिंतक