गाव तिच्या बाजूचं असू दे

पोरी,

तुझ्या नाटकाची संहिता वाचली. ‘काका, प्रेक्षक घाबरतच नाहीत, काय कमी पडतंय?’ असं विचारलंस. कमी काही पडलेलं नाही, जास्त झालंय. महाबळेश्वरचा एकाकी बंगला, विजा, तळघर आणि त्यात लाल डोळ्यांचा दत्तक बाप. तो पहिल्याच प्रवेशात इतका भयंकर दिसतो की दोन अनाथ पोरं त्याच्या हवाली केली कुणी, हाच प्रश्न पडतो.

बंगला पाड. पोरांना सांगलीत आण, गावभागात, जिथे समोरच्या ओट्यावरून आपलं स्वयंपाकघर दिसतं. आणि बापाच्या जागी बाई घे. कायदाही तेच सांगतो: एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देत नाहीत, आणि तुझ्या गोष्टीत धाकटी बहीण आहे. बाई शाळेत शिकवणारी असू दे. निम्म्या गल्लीला तिने पाढे शिकवलेत, भाजीवाली तिच्या पिशवीत कोथिंबीर फुकट टाकते. गाव तिच्या बाजूचं असू दे. धोका पोरांना दिसतो आणि गावाला दिसत नाही, एवढंच तुझं नाटक आहे. बाकी सगळी सजावट.

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे १८९९ सालीच ‘संगीत शारदा’ नाटकात करून दाखवलंय. ‘शारदे’तल्या, कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला आपण हसतो. पोटात गोळा येतो तो पैशासाठी ते लग्न ठरवणाऱ्या कांचनभटाला बघून, कारण तो पोरीचा सख्खा बाप आहे आणि चार लोकांत उजळ माथ्याने वावरतो.

आता दत्तकाचं. स्टॅम्पपेपरवर सही केली आणि पोरं घरी नेली, असं लिहिलंयस. अगं, चौकशी तरी करायचीस! अशी मुलं दत्तकासाठी मोकळी आहेत हे आधी बालकल्याण समिती जाहीर करते. घर बघून अहवाल होतो. २०२२ पासून शेवटचा आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात. आणि मूल पाच वर्षांच्या पुढचं असेल तर त्याची संमती लागते. म्हणजे तुझ्या अकरा वर्षांच्या पोराने स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हटलंय. बहिणीपासून ताटातूट होऊ नये म्हणून म्हटलंय. पुढे जे घडेल त्यात आपलीही सही आहे, असं त्याला आयुष्यभर वाटणार. एवढं घबाड हाताशी असताना तू विजा कसल्या कडाडवतेस?

त्यानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणीची भेट. चार भेटी, चार प्रवेश. तुझा आराखडा सरकारनेच आखून ठेवलाय. पहिल्या भेटीत धाकटी खूप बोलते. दुसऱ्या भेटीत उत्तर देण्याआधी बाईकडे बघते. तिसरी तू बघ. चौथ्या भेटीत पोरगा बाईंचं तोंडभरून कौतुक करतो, आणि आपण खरं बोलतोय की खोटं, ते त्यालाही सांगता येत नाही. पाहणीला आलेली ताई मूर्ख दाखवू नकोस. ती चांगली आहे, नीट विचारते, सगळं टिपून घेते. तिलाही बाई आवडते. गाव तिच्या बाजूचं म्हणजे हेसुद्धा.

पान नऊ बघ. तिथे तू एक ओळ टाकून पुढे पळालीस: बहिणीचं ताट रिकामं झाल्याशिवाय बाई भावाला वाढत नाही. म्हणून धाकटी गरम आमटी तशीच गिळते, डोळ्यांत पाणी येतं, तरी ताट पुसून दाखवते. भाऊ तिच्या हाताकडे बघत बसलेला असतो. आणि ओट्यावरून शेजारीण म्हणते, ‘काय शिस्त लावलीय हो पोरांना!’ पोरी, त्या शेजारणीच्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला. तळघराला आला नाही.

मी हे हवेतून सांगत नाही. माझ्या एका नाटकात असाच सज्जन मामा होता. स्पर्धेच्या परीक्षकांनी सुचवलं, खलनायक ठळक करा, पुढच्या फेरीत घेतो. मी केलं नाही. नंबर गेला, मंडळी पांगली, आणि नवीन लिहायची उमेद त्यात गेली ती गेलीच. त्याची हळहळ आजही आहे. पण तो मामा मी आजही तसाच ठेवीन. प्रेक्षागृहातून बाहेर पडताना एक बाई नवऱ्याला म्हणाली होती, ‘आपल्या अण्णांसारखा होता नाही?’ आणि नवरा काहीच बोलला नाही. मला बक्षीस तिथे मिळालं. तू म्हणशील, म्हातारा स्वतःची समजूत घालतोय. म्हण.

शेवटी बाईला शिक्षा व्हावी का, हे मला विचारू नकोस. पुण्यातले तुझे मित्र रक्त मागतात, त्यांना मागू दे. पोरगा एक दिवस १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, फिरवतो, एवढं लिही. पलीकडून विचारतात, काय झालं बाळा? आता त्याला सांगायला काय आहे? मारलेलं नाही, कोंडलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. ताटाची गोष्ट कुठल्या तोंडाने सांगायची, आणि ती कुणाला खरी वाटणार? तो काय बोलतो ते तुला शोधावं लागेल, मला ठाऊक असतं तर मीच लिहिलं असतं.

चार भेटींचे प्रवेश आधी लिहून आण. आणि या वेळी टाइप करून आण, तुझं अक्षर मला लागत नाही.

काका