एनक्लेक्स पास, लायसन्स कुठे अडले?

अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्यासाठी लागणारी एनक्लेक्स-आरएन परीक्षा पास झालेल्या, पण लायसन्स हाती न आलेल्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. काही महाराष्ट्रातून, काही थेट अमेरिकेतून. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. प्रत्येक राज्याच्या नर्सिंग बोर्डाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे उत्तरात एखाद्या राज्याचे नाव आले असेल तर तो नियम त्या राज्यापुरताच समजावा.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या खात्यात ‘पास’ दिसले. तीन आठवडे झाले, बोर्डाकडून काहीच नाही. निकाल फिरू शकतो का? – एक वाचक, सांगली

तो घोर लावून घेऊ नका. प्रत्येक पेपर दोनदा तपासला जातो, एकदा केंद्रावरच्या संगणकात आणि नंतर पिअर्सन व्ह्यूच्या मुख्य यंत्रणेत. कामाचे दोन दिवस उलटल्यावर ७.९५ डॉलर भरून दिसतो तो ‘क्विक रिझल्ट’. तो अनधिकृत असतो आणि सगळी राज्ये ही सोय देत नाहीत. अधिकृत निकाल बोर्डच कळवते. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणजे तुमचे तीन आठवडे काही वावगे नाहीत.

मात्र निकाल ही तुमच्या फाइलमधली एक बाब झाली. लायसन्स सुटते ते फाइलमधल्या सगळ्या बाबी पूर्ण झाल्यावर. शिक्षणाची छाननी बहुतेक ठिकाणी परीक्षेला बसण्याची परवानगी देण्याआधीच झालेली असते. त्यामुळे नंतर अडकतात त्या ठरावीक गोष्टी: बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी, सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी आणि करासाठी अमेरिकी सरकार देते तो क्रमांक), नावातली तफावत, लायसन्सचे वेगळे शुल्क असल्यास ते, आणि त्या राज्याची एखादी जादा अट. टेक्सासमध्ये नर्सिंगच्या कायद्यावरची वेगळी ऑनलाइन परीक्षा पास व्हावी लागते. न्यूयॉर्कमध्ये संसर्ग नियंत्रण आणि बालकांवरील अत्याचार ओळखणे या दोन विषयांचे ठरवून दिलेले प्रशिक्षण लागते. एनक्लेक्सच्या धावपळीत हे राहून जाते आणि नंतर कोणी आठवणही करून देत नाही.

बोर्डाला ‘लायसन्स कधी मिळेल?’ असे विचारले की ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अर्जाचा क्रमांक देऊन एकच प्रश्न ईमेलने विचारा: ‘माझ्या फाइलमधली कोणती बाब अजून तुमच्याकडे आलेली नाही?’ याचे उत्तर कारकुनाला स्क्रीनवर बघून देता येते. त्याआधी पोर्टलवरची यादी आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर स्वतः तपासा. त्रुटीचे पत्र तिथेच पडून असल्याचे पुष्कळदा निघते.

कागद कुरिअरने पाठवले, ते परत आले. पत्ता तर बोर्डाच्या संकेतस्थळावरचाच होता. – एक वाचक, लातूर

तो पत्ता पोस्ट बॉक्सचा असणार. अमेरिकेत पोस्ट बॉक्सवर फक्त टपाल खाते पोचवते, खासगी कुरिअर नाही. बहुतेक बोर्डांचा रस्ता आणि इमारत क्रमांक असलेला दुसरा पत्ता असतो, कुरिअर तिथेच पाठवा.

बोटांचे ठसे दोनदा नाकारले गेले. ‘दर्जा अपुरा’ एवढेच कारण दिले. आता काय? – एक वाचक, नाशिक

नर्सच्या बाबतीत हे नेहमीचेच. दिवसभर हात धुणे, सॅनिटायझर आणि हातमोजे यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, कोरड्या पडतात. स्कॅनरला किंवा शाईला त्या नीट सापडत नाहीत.

पुढच्या वेळी आधीचा आठवडाभर रोज रात्री हातांना क्रीम लावा. ठसे देण्याच्या दिवशी मात्र काही लावू नका, तेलकट बोटावर शाई पसरते. जमल्यास तो दिवस सुट्टीचा धरा. कार्डावर ठसे देताना शाईचा थर अगदी पातळ हवा. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचे. जोर लावला की रेषांमधली पांढरी जागा भरते आणि नुसता काळा डाग उरतो. बोट ठसे घेणाऱ्याच्या हातात सैल सोडा, स्वतः फिरवायला जाऊ नका. एकाच बैठकीत दोन कार्डे करून घ्या आणि घडी न घालता जाड पुठ्ठ्यात पाठवा.

कार्डे ठशांशिवाय इतर कारणांनीही परत येतात. एफडी-२५८ या कार्डावर जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने लिहायची असते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टला जन्मलेल्या व्यक्तीने आपल्या सवयीने ०५/०८ लिहिले की तिकडे ते ८ मे होते आणि अर्जाशी जुळत नाही. ठसे घेणाऱ्याची सही आणि तारीख राहिली तरी कार्ड बाद. शिवाय दुसऱ्या राज्यासाठी किंवा दुसऱ्या कामासाठी दिलेले ठसे इथे चालत नाहीत, कारण एफबीआयचा अहवाल ज्या बोर्डाने मागवला त्याच्याच नावे जातो. कॅलिफोर्नियाची लाइव्ह स्कॅन ही शाईशिवाय संगणकावर ठसे घेण्याची यंत्रणा फक्त त्या राज्यात हजर असणाऱ्यांसाठी आहे. बाहेरच्यांना शाईचे कार्डच पाठवावे लागते.

दर्जामुळे दोनदा नकार आला असेल तर एफबीआयकडून केवळ नावावरून तपासणी करून घेण्याची सोय आहे. ती बोर्डाला मागावी लागते, तुम्हाला नाही, आणि त्याला मुदत असते. तेव्हा दोन्ही नकारांचा उल्लेख करून बोर्डाला आजच लिहा.

माझी नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. पास झाले, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून आलेली पडताळणी ‘मिळालेली नाही’ असे पोर्टल दाखवते. कौन्सिल म्हणते पाठवली. – एक वाचक, अहिल्यानगर

दोघेही बहुधा खरे बोलत आहेत. पडताळणी पोचली असेल, पण तुमच्या फाइलला लागलेली नसेल.

आपल्या पद्धतीत लग्नानंतर आडनाव बदलतेच, शिवाय मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते. तीनपैकी दोन शब्द बदलले, उरले फक्त पहिले नाव. त्यातून गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, तर कधी नवऱ्याचे नाव पहिल्या नावालाच जोडलेले. तिकडच्या कारकुनाला या दोन पूर्ण वेगळ्या बाई दिसतात. तो कागद ‘अनोळखी’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूकही नाही.

आधी बोर्डाला तुमची आधीची सगळी नावे अक्षरशः जशी छापली आहेत तशी कळवा आणि सोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा. ग्रामपंचायतीचे जुने प्रमाणपत्र नुसते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला असेल तर तेही पान द्या. ‘या माहेरच्या नावाने आलेला कागद माझ्याच फाइलचा आहे’ हे वाक्य स्पष्ट लिहा. बरेचदा एवढ्यावर काम होते.

तेवढ्याने भागले नाही तर कौन्सिलच्या नोंदवहीत नाव बदलून घ्या आणि मग नव्याने पडताळणी मागवा. हा क्रम उलटा केला तर पुन्हा माहेरच्याच नावाचा कागद जाईल आणि शुल्क वाया. त्याच फेरीत नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण झाले आहे ना, तेही बघा. नोंदणी संपलेली असेल तर पडताळणीवर तसाच शेरा पडतो. आणि पडताळणी कौन्सिलकडून थेट जावी लागते. तुम्ही पाकीट उघडून स्कॅन पाठवलेत तर ते ग्राह्य धरत नाहीत.

नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), माझा एच-४ (त्याच्या जोडीदाराचा). सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून लायसन्स थांबले आहे. – एक वाचक, न्यू जर्सी

एच-४ वर कामाची परवानगी नसेल तर हा नंबर मिळत नाही, आणि काही बोर्डे नंबर आल्याशिवाय लायसन्स देत नाहीत. मार्ग तीन आहेत.

पहिला, नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल, तर २०१५ पासूनच्या नियमानुसार तुम्हाला कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. ती मिळाली की सोशल सिक्युरिटी नंबरही मिळतो. सगळ्यात पक्की वाट हीच.

दुसरा, सोशल सिक्युरिटी कार्यालयात अर्ज करून नकाराचे पत्र घ्या. त्याला एसएसए-एल६७६ म्हणतात. ते पत्र चालते का, हे आपल्या बोर्डाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका, कारण फोनवर आज एक माणूस असतो, उद्या दुसरा.

तिसरा, आयटीआयएन हा कर क्रमांक. कॅलिफोर्निया २०१४ मध्ये झालेल्या कायद्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी तो स्वीकारते. त्यासाठीचा डब्ल्यू-७ अर्ज साधारणपणे नवऱ्यासोबतच्या संयुक्त कर विवरणपत्राला जोडून द्यावा लागतो. पण तुम्ही परीक्षा दुसऱ्या राज्यामार्फत दिली असेल तर अडचण होते. एन्डोर्समेंटने (आधीच्या लायसन्सच्या आधारे) दुसऱ्या राज्यात जायला पहिल्या राज्याचे लायसन्स हातात लागते आणि तेच तर अडले आहे. अशा वेळी नव्या राज्यात मूळ अर्ज करून एनक्लेक्सचा निकाल मानतील का, हे विचारावे लागते. ज्या मैत्रिणींची परीक्षा अजून व्हायची आहे, त्यांनी राज्य निवडतानाच हा प्रश्न सोडवावा. ‘कागद कमी लागतात’ एवढ्यावरून राज्य निवडणे नंतर महागात पडते.

आणि एक. लायसन्स मिळाले तरी एच-४ वर कामाची परवानगी वेगळीच लागते. पगार न घेता ‘नुसती मदत’ म्हणून नर्सचे काम करणेही सुरक्षित नाही.

रुग्णालयाने नोकरी देऊ केली आहे. निकाल दाखवून रुजू होता येईल का? – एक वाचक, ह्यूस्टन

नर्स म्हणून नाही. वर्गातले प्रशिक्षण, संगणकावरचे धडे, ओळखपत्राची कामे उरकता येतात. औषध देणे, रुग्णाचे मूल्यमापन, नर्स म्हणून नोंदीखाली सही, हे काहीही लायसन्स क्रमांकाआधी करायचे नाही. काही राज्ये निकाल येईपर्यंत तात्पुरता परवाना देतात, पण तो आधीच मागितलेला असावा लागतो. नावापुढे ‘आरएन’ही लावू नका, बायोडेटात ‘एनक्लेक्स-आरएन पास, लायसन्स प्रलंबित’ असे लिहा. एचआरकडून रुजू होण्याची तारीख कॅलेंडरवरच्या दिवसाऐवजी ‘लायसन्स क्रमांक दिसल्यानंतरचा सोमवार’ अशी ठरवून घ्या, ते समजून घेतात.

छापील लायसन्स कधी येते? – एक वाचक, जळगाव

अनेक राज्यांत येतच नाही. बोर्डाच्या संकेतस्थळावर क्रमांक दिसला की लायसन्स झाले. नर्सिस या सामायिक संकेतस्थळावर नाव टाकून फुकट बघता येते, नोकरी देणारेही तिथे किंवा थेट बोर्डाकडेच बघतात. भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र ही हौसेची वस्तू.

कॉम्पॅक्टमधल्या (एकमेकांचे नर्सिंग लायसन्स मानण्याच्या करारातल्या) राज्याकडून पास झाले, म्हणजे सगळीकडे काम करता येईल ना? – एक वाचक, पुणे

लगेच नाही. बहुराज्यीय लायसन्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर आणि त्याच राज्यातला कायम निवास, दोन्ही लागतात. पुण्यातून अर्ज केल्यावर मिळते ते एकाच राज्यापुरते. तिकडे राहायला गेल्यावर ते बदलून घेता येते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय या करारात नाहीतच.

लायसन्स मिळाले, पण व्हिसाला वर्षे लागणार. तोवर काय सांभाळायचे? – एक वाचक, कोल्हापूर

भारतीयांसाठी ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गाची रांग दहा वर्षांहून लांब आहे, तेव्हा मुदती असलेल्या गोष्टी आधी करून ठेवू नका. व्हिसासाठी लागणारे व्हिसास्क्रीन (शिक्षण, लायसन्स आणि इंग्रजी तपासल्याचे) प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, त्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे. रांग पुढे सरकून आपली तारीख टप्प्यात आली की आधी इंग्रजी, मग व्हिसास्क्रीन. ते देणारी सीजीएफएनएस ही संस्था २०२५ पासून ट्रूमेरिट या नावाने काम करते, त्यामुळे नव्या नावाचा ईमेल बनावट समजून पुसून टाकू नका.

न्यूयॉर्कचे लायसन्स आयुष्यभराचे असते, दर तीन वर्षांनी फक्त रजिस्ट्रेशन करायचे. तिथे काम करत नसाल तर ते निष्क्रिय ठेवता येते आणि त्याला शुल्क नाही. कॅलिफोर्नियात पहिली मुदत जन्ममहिन्यावर ठरते, त्यामुळे ती दोन वर्षांपेक्षा कमी भरते आणि गाफील माणसाचे लायसन्स संपते. कौन्सिलची इथली नोंदणी आणि प्रत्यक्ष काम चालू ठेवा. अनुभवाच्या दाखल्यावर तारखा आणि विभाग लिहून घ्या.

बोर्डाचे खाते एजंटाच्या ईमेलवर उघडलेले असेल तर ते आजच स्वतःच्या ईमेलवर बदला. नूतनीकरणाची सूचना एजंटाकडे गेली आणि त्याने धंदा बंद केला, तर मुदत संपल्याचे तुम्हाला कोणी सांगणार नाही. शुल्क स्वतःच्या कार्डाने भरणार असाल तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या. नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात.