मांजर घेऊ का? आधी बंगळुरूचं तिकीट बघू

कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यातला मुद्दा थोडक्यात असा. वय ६४, यजमान नाहीत, स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट, डोक्यावर कर्ज नाही. पेन्शन महिना ३४,००० रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ साली १५ लाख ठेवले, त्याचं व्याज दर तिमाहीला येतं. शिवाय बँकेत ६ लाखांची मुदत ठेव. मुलगी बंगळुरूला, दरवर्षी तिच्याकडे अडीच महिने राहायला जातात. शेजारच्या गल्लीत भटक्या मांजरांचं करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे तीन वर्षांची काळी-पांढरी मांजरी आहे. गॅरेजमधून सोडवून आणलेली, सदा वॉशिंग मशीनच्या मागे, कुणी जवळ गेलं की फिस्कारते. कुणी घ्यायला तयार नाही, आणि आमच्या बाईंचं मन नेमकं तिच्यावरच बसलं आहे. मुलगी म्हणते, "आई, नसती ब्याद कशाला? तेच पैसे एसआयपीत टाक." बाई विचारतात, हा पैशांचा वेडेपणा ठरेल का?

ताई, वेडेपणा नाही. पण तुम्ही पत्रात ज्या खर्चाचा हिशेब मांडलाय, तो या प्रकरणातला सगळ्यात सोपा खर्च आहे.

तुम्ही लिहिलंय, खाणं आणि लिटर (मांजराच्या शी-शूसाठीची वाळू) मिळून महिन्याला दोन-अडीच हजार. बरोबर आहे. मध्यम दर्जाचं कोरडं खाणं महिन्याला दीड किलोच्या आत संपतं, आठवड्यातून दोन-तीन पाकिटं ओल्या खाण्याची, शिवाय वाळूची मोठी पिशवी. वर्षाला लस, जंतांचं औषध, एक तपासणी धरा चार हजार. सगळं मिळून साधारण ३२,००० रुपये वर्षाला. दर दुकानागणिक आणि डॉक्टरागणिक बदलतील, हा माझा ढोबळ अंदाज आहे.

आता तुम्ही जो खर्च धरलाच नाही तो. वर्षातले ७५ दिवस तुम्ही घरी नाही. तेव्हा हिचं कोण करणार? बिचकणारं मांजर पाळणाघरात ठेवलं की ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून खाणं सोडतं, आणि मांजराने दोन-तीन दिवस काहीच न खाणं ही साधी गोष्ट नाही, त्याचं यकृत बिघडू शकतं. त्यामुळे पाळणाघर बाद. घरी येऊन दोन वेळा बघणारं माणूस दिवसाला ४०० रुपये घेतं असं धरलं तरी ७५ दिवसांचे ३०,००० होतात. म्हणजे बंगळुरूच्या एका मुक्कामाला जवळजवळ तिच्या वर्षभराच्या खाण्या-औषधाइतके पैसे. एकूण आकडा ६२,००० वर गेला, महिन्याला पाच हजारांच्या वर.

तुमच्याकडे जागा किती आहे ते पाहू. पेन्शन ३४,००० आणि बचत योजनेचं व्याज ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला १०,२५०. एकूण ४४,२५०. घरखर्च तुम्ही ३१,००० लिहिलाय. पण मेडिक्लेमचा ३६,००० चा हप्ता पत्राच्या तळाला, "हो, आणि" म्हणून आलाय. तो घरखर्चात नाही. वर्षातून एकदा येणारे खर्च बहुतेकांच्या यादीतून असेच निसटतात. हप्त्याचे महिन्याला ३,००० आणि बंगळुरूचा विमानप्रवास, नातवंडांच्या भेटवस्तू वगैरे तुम्ही सांगितलेले वर्षाचे ४८,००० म्हणजे ४,०००. बाकी राहिले महिन्याला ६,२५०. त्यातून मांजरीचे पाच हजारांवर गेले तर हाताशी हजार-अकराशे उरतात. घराची गळती, दाताची कवळी, सोसायटीचा जादा वर्गणीचा फतवा, यातलं काहीही आलं की मुदत ठेव मोडायची वेळ. हे मला चालणार नाही, आणि तुम्हालाही झोप लागणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मांजर घ्या, पण आधी प्रवासाची घडी बदला. सलग अडीच महिन्यांऐवजी पंचवीस-पंचवीस दिवसांच्या दोन फेऱ्या करा. मुलीला हे सांगताना थोडं जड जाईल, ते तुमचं तुम्ही बघा. एखादी फेरी विमानाऐवजी उद्यान एक्सप्रेसने केलीत तर तिकिटाचा भारही फार वाढणार नाही (ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे जुन्या दराच्या आशेवर राहू नका). आणि त्या ५० दिवसांसाठी माणूस बाहेरून शोधू नका. ज्या बाईंकडे ती आज आहे, त्यांच्यासमोरच ती खाते, असं तुम्हीच लिहिलंय. त्या एका गल्लीवर राहतात. त्यांच्या हातात किल्ली द्या, दिवसाचे २०० रुपये ठरवा, आणि संकोच न करता द्या. फुकटात करवून घेतलं की तिसऱ्या वर्षी ते माणूस कंटाळतं. मांजरी तुमच्याच घरात राहील. जागा बदलणं हेच अशा जनावराला सगळ्यात महाग पडतं. असे ५० दिवसांचे १०,००० झाले. वर्षाचा एकूण खर्च ४२,०००, महिन्याला साडेतीन हजार. हाताशी पावणेतीन हजार शिल्लक. हे जमतं.

पण त्या बाई "हो" म्हणाल्या तरच. हे विचारल्याशिवाय मांजर घरी आणू नका.

सुरुवातीचा खर्च वेगळा. पिंजरा, लिटरचा ट्रे, नखं घासायचा खांब, रक्ततपासणी, आणि गॅलरी-खिडक्यांना जाळी. तुमच्या गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे म्हणता, तिच्यावर विसंबू नका, मांजर ती कुरतडतं. जाळीसकट सगळं मिळून पंधरा ते अठरा हजार धरा. एक खर्च मात्र बहुधा वाचला आहे. तिच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय. भटक्या मांजरांची नसबंदी झाली की ओळख म्हणून तसं करतात. तरी शस्त्रक्रियेचा कागद मागून घ्या.

आता जी रक्कम हिशेबात दिसत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. माणसाळलेलं मांजर लंगडलं की दिसतं, उचलून डॉक्टरकडे नेता येतं. ही मशीनच्या मागे बसणार. आजार लपवणं मांजरांचा स्वभावच आहे, हिचा तर दुप्पट. तुम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल, आणि तपासायलाही तिला गुंगीचं औषध द्यावं लागेल. त्यामुळे बिल मोठंच येतं. रात्रीचं दवाखान्यात दाखल करणं, क्ष-किरण, सलाईन, एखादी शस्त्रक्रिया यांत ३०-४० हजार सहज जातात. तर ६ लाखांच्या ठेवीतले ५०,००० आजच वेगळे काढून, कधीही मोडता येईल अशा छोट्या ठेवीत ठेवा. सगळी मोठी ठेव रात्री मोडायची पाळी येऊ नये म्हणून हे. आणि रोज वाटीत किती उरलं ते बघा. तीच तुमची तपासणी. घरातली क्रोसिन तिच्या तोंडाजवळही नेऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

विम्याचं विचारलंय. काही कंपन्या मांजरांचाही विमा देतात, पण आधीपासूनचे आजार, लस, नेहमीची तपासणी त्यात सहसा येत नाही, आणि हिचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नाही. दावा नाकारायला एवढं पुरतं. मी हप्त्याचे पैसे त्याच ५०,००० च्या ठेवीत भरत राहीन.

घरात राहणारं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, काही त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही ७५-७६ च्या असाल तेव्हा ती म्हातारी असेल, आणि म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचे आजार नेहमीचे. आजच्या दराने बारा वर्षांचे पाच लाखांवर जातात, महागाई वेगळी. तुमचा ८.२ टक्के दरही २०२८ पर्यंतच पक्का आहे. पुढे खातं आणखी तीन वर्षांसाठी वाढवता येईल, पण तेव्हा जो दर असेल तो. हे पैसे एसआयपीत टाकले तर चांगली रक्कम साठेल, मुलगी चुकीचं बोलत नाही. पण ती साठवून तुम्हाला नक्की काय करायचं आहे, हे तिला एकदा विचारा. तुमच्यानंतर ती रक्कम तिलाच मिळणार आहे.

तुमच्यानंतरचं म्हणाल तर, मांजरीच्या नावे काही ठेवता येत नाही. आपल्या कायद्यात प्राणी वारस होऊ शकत नाही, आणि १८८२ च्या विश्वस्त कायद्यानुसार लाभार्थी मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्तीच लागते. म्हणून मृत्युपत्रात माणसाचं नाव घाला. "मांजरीचा सांभाळ यांनी करावा आणि त्यासाठी यांना दीड लाख द्यावेत", एवढं वाक्य, दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर उत्तम. त्या व्यक्तीने खरंच सांभाळलं की नाही हे कोर्ट येऊन बघणार नाही, तेव्हा नाव विचार करून घाला. तुमच्या मृत्युपत्राचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. मांजर आणा न आणा, ते करा.

सोसायटीची काळजी नको. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेची नोंदणी करून घ्या, शुल्क किरकोळ आहे.

आणि घाई नको. यंदाची बंगळुरूची फेरी आटपून या. मग त्या बाईंना सांगा की दोन महिने सांभाळायला देता का, कायमचं नंतर ठरवू. बहुतेक संस्था आणि अशी कामं करणारी माणसं याला राजी असतात, कारण मांजर परत आलं तर त्यांनाही त्रासच. त्या दोन महिन्यांत तिला एकच खोली द्या, आणि खर्चाची वही ठेवा. साडेतीन हजारांच्या वर आकडा गेला तर मला पुन्हा लिहा, वही सोबत पाठवा.